जीव पत्र्यात की चेसीत

१९६२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये दोन उघड्या, दोन माणसांच्या गाड्या काही आठवड्यांच्या अंतराने बाजारात आल्या. एक ॲबिंग्डनच्या कारखान्यातली एमजीबी, दुसरी कोव्हेंट्रीच्या कॅनलीतली ट्रायम्फ स्पिटफायर. एमजीबी मोठी, भारदस्त, १७९८ सीसी इंजिन आणि ९५ अश्वशक्तीची. स्पिटफायर तिच्यापुढे अंगाने लहान, ११४७ सीसी, ६३ अश्वशक्ती, वजन जेमतेम ७१० किलो, म्हणजे एमजीबीपेक्षा दोनशे किलोंनी हलकी. ब्रिटिश अभ्यासक या दोघींची तुलना सहसा करत नाहीत. त्यांच्या मते एमजीबीची खरी प्रतिस्पर्धी ट्रायम्फचीच टीआर-४, आणि स्पिटफायरची जोडी एमजी मिजेटशी. किंमत आणि ताकद पाहिली तर त्यांचं बरोबर आहे. तरीही या पुस्तकात याच दोघी समोरासमोर उभ्या केल्या आहेत, कारण या दोघींची सख्खी भावंडं, एमजीबीची अँबेसिडर आणि स्पिटफायरची हेराल्ड, आपल्या रस्त्यांवर धावली, आपल्या मिस्तरींनी उघडली, जोडली, वर्षानुवर्षं चालती ठेवली. 

मी हे हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात बसून लिहितो आहे. काळ्या मातीचा, सोयाबीन-हळदीचा हा मुलूख. इथे स्पोर्ट्स कारचं नाव काढलं तर माणसं विचारतात, आपल्याकडं काय काम तिचं? प्रश्न रास्त आहे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी गाडीची आयात जवळजवळ बंदच होती. ज्या थोड्या गाड्या आल्या त्या वकिलातींच्या माणसांबरोबर आल्या आणि मग स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून मुंबई-दिल्लीच्या हौशी लोकांकडे गेल्या. मराठवाड्याच्या वाट्याला आली ती अँबेसिडर. तहसील कचेरीपुढची, विश्रामगृहाच्या आवारातली, निवडणुकीच्या दिवसांत भोंगा बांधून गावोगाव फिरणारी. हेराल्ड आमच्या भागात त्या मानाने विरळा. तिची वस्ती शहरांत जास्त.

आता इंजिनाचं पाहा. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला मॉरिस ऑक्सफर्डवरून अँबेसिडर बनवायला घेतली तेव्हा तिला जुन्या पद्धतीचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं इंजिन होतं. १९५९ मध्ये ते गेलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी-सिरीज’ इंजिन आलं, १४८९ सीसीचं. नेमकं हेच इंजिन, याच मापाचं, १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये दोन कार्ब्युरेटर लावून बसवलेलं होतं. पुढे तेच इंजिन वाढत वाढत १७९८ सीसीपर्यंत गेलं आणि एमजीबीच्या बॉनेटखाली बसलं. म्हणजे ज्या मिस्तरीने अँबेसिडरचं हेड उतरवलं, टॅपेट फिलर गेज लावून जुळवले, डेल्कोतले पॉइंट घासले, त्याला एमजीबीचं इंजिन उघडल्यावर परकं वाटणार नाही. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, ब्लॉकमध्ये खाली कॅमशाफ्ट, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह. माप वेगळं, कुळी तीच.

हेराल्डची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते या साऱ्या पुस्तकाचं मूळ तिच्यात आहे.

स्टँडर्ड-ट्रायम्फ ही कंपनी आपल्या गाड्यांच्या बॉड्या फिशर अँड लडलो नावाच्या कारखान्याकडून घ्यायची. १९५३ मध्ये तो कारखाना ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे एमजी आणि मॉरिसच्या मालकांनी, विकत घेतला. ट्रायम्फचा पुरवठादार एका रात्रीत प्रतिस्पर्ध्याच्या घरचा झाला. त्या काळात सगळे जण एकसंध बॉडीकडे वळले होते, जिच्यात वेगळी चेसी नसते, पत्राच घड्या घालून, डाग देऊन गाडीचा सांगाडा होतो. अशी बॉडी दाबायला प्रचंड प्रेस आणि प्रचंड साचे लागतात. ट्रायम्फकडे ते नव्हते. मग त्यांनी जुनी वाट धरली. खाली स्वतंत्र चेसी, आणि वर बॉडीचे सुटे तुकडे वेगवेगळ्या कारखान्यांतून आणून नट-बोल्टने आवळायचे. इटलीच्या जियोव्हानी मिकेलोत्तीने तिला रूप दिलं आणि १९५९ मध्ये हेराल्ड आली. नाइलाजाने केलेली ही रचना परदेशी जुळणीला फार सोयीची निघाली. खोक्यांतून तुकडे पाठवा, तिकडे जोडा, आणि हळूहळू एकेक तुकडा तिथेच बनवायला लागा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड काढली ती अशी. ९४८ सीसीचं इंजिन शेवटपर्यंत राहिलं, पुढे चार दारांची हेराल्डही आली, जी इंग्लंडमध्ये कधी मिळाली नाही.

हेराल्डची चेसी आखूड केली, वर मिकेलोत्तीनेच आखलेली देखणी उघडी बॉडी ठेवली, आणि स्पिटफायर झाली. पण ती जन्माआधीच मरायला टेकली होती. कंपनीकडे पैसा उरला नव्हता, नमुना तयार असूनही काम थांबवलं गेलं. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी ताब्यात घेतली. नव्या मालकांची माणसं कारखान्यात काय काय आहे ते पाहत फिरताना कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली ही गाडी त्यांच्या नजरेला पडली आणि तिला मंजुरी मिळाली. पुढच्या १८ वर्षांत तिचे ३ लाख १४ हजारांहून अधिक नग विकले गेले.

हे सगळं सांगायचं कारण असं की, संग्राहकाने या दोन गाड्यांत निवड करताना रंग, क्रोम, डॅशबोर्डचं लाकूड, नंबरप्लेट यांच्याकडे नंतर पाहावं. आधी एकच गोष्ट विचारावी: या गाडीचा जीव कशात आहे? एमजीबीचा जीव पत्र्यात आहे. स्पिटफायरचा चेसीत. अँबेसिडर आणि हेराल्ड यांच्यातही नेमका हाच फरक होता. एकदा हे ध्यानात आलं की दोघींच्या दुखण्यांची, खर्चाची आणि सुखाचीही यादी आपोआप दोन खात्यांत वाटली जाते.

एमजीबी सिड एनेव्हर आणि डॉन हेटर यांनी आखली तेव्हा एमजीएची वेगळी चेसी सोडून एकसंध बॉडी घेतली. उघड्या गाडीला छत नाही, म्हणजे सगळा भार दारांखालच्या दोन आडव्या पेट्यांवर येतो. इंग्रज अशा पेटीला सिल म्हणतात, आपल्याकडचे डेंटिंगवाले दारपट्टी म्हणतील. ती बाहेरून एक पट्टी दिसते, पण आत तीन थर आहेत आणि पावसाचं पाणी, चिखल मागच्या-पुढच्या मडगार्डमधून आत शिरून तिथेच साचतो. बाहेरून चकचकीत रंग असताना आतला थर चाळण झालेला असू शकतो. हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. गाडी सपाट जागेवर उभी करा, दार बंद करून दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत डोळ्यांत भरून घ्या. मग गाडीच्या ठरलेल्या जागी जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला. फट जशीच्या तशी राहिली तर पत्रा शाबूत. फट बदलत गेली, किंवा दार उघडायला अडायला लागलं, तर गाडी मधोमध वाकते आहे. मग विकणारा कितीही गोड बोलो, तिथून निघावं. वरून नवी पट्टी डाग देऊन बसवलेल्या गाड्याही या परीक्षेत उघड्या पडतात.

स्पिटफायरमध्ये अशी धडकी भरत नाही. खालची चेसी जाड, उघडी, हाताला लागणारी. ती कुठे गंजली ते गाडीखाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं की कळतं. मात्र स्पिटफायरची चेसी हेराल्डपेक्षा अरुंद आहे, हेराल्डसारखे तिला बाजूचे दांडे नाहीत, म्हणून दारपट्ट्यांना तिच्यातही थोडं काम करावं लागतं. ‘चेसीवाली आहे, पत्र्याचं काय बघायचं’ असं म्हणणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये.

स्पिटफायरचं बॉनेट हे तिचं सर्वांत मोठं सुख. मडगार्ड, दिवे, जाळी, सगळं पुढचं तोंड एकाच वेळी पुढे उलटतं आणि इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंगचा रॅक, रेडिएटर सगळं मोकळं होतं. टायरवर बूड टेकून कार्ब्युरेटर जुळवता येतो. हेराल्डला हीच सोय होती आणि ज्यांनी हेराल्डवर काम केलं आहे ते तिच्याबद्दल अजून आपुलकीने बोलतात. वळणंही तशीच. रस्ता पुरेसा असो नसो, सुमारे सव्वासात मीटरच्या वर्तुळात गाडी फिरते. गल्लीत उलटी वळवायची तर याहून सोयीची गाडी मी पाहिलेली नाही.

पण त्याच पुढच्या चाकांत तिचं सर्वांत नाजूक दुखणं आहे. पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर वळतं त्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते पितळेसारख्या धातूच्या ठोकळ्यात स्क्रूसारखं बसतं. ठोकळ्याचं नाव ट्रनियन. स्टिअरिंग वळवलं की या आट्या आत फिरतात. तिथे वंगण म्हणून गिअरचं नव्वद नंबरचं ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. ग्रीस घट्ट होऊन आट्यांच्या मुळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. दांडा आतून गंजतो, बारीक होतो, आणि एक दिवस गाडी सावकाश वळवताना, बहुधा गेटमधून आत घेताना, तुटतो. चाक आडवं पडतं. निप्पलला ऑइलची गन लावून जुनं काळं ऑइल वरून ओघळेपर्यंत दाबत राहायचं, काही महिन्यांनी पुन्हा, एवढाच उपाय. आपल्याकडे गाडी सर्व्हिसिंगला गेली की दिसेल त्या निप्पलला ग्रीस मारायची रीत आहे. स्पिटफायर घेणाऱ्याने आपल्या मिस्तरीला हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. या पुस्तकातली बाकी पानं विसरली तरी चालतील, हे विसरू नये.

चालवण्याकडे येऊ. एमजीबीच्या मागे पाटे आणि सरळ एक्सल आहे, अँबेसिडरसारखंच. बैलगाडीच्या कण्यासारखी साधी गोष्ट: दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला कळतं. आरामात ती मागे पडते, पण वळणावर काय करेल हे आधीच सांगून ठेवते. १६० किलोमीटरच्या पुढे तिचा कमाल वेग, आणि शंभरावर ती दिवसभर चालते. स्पिटफायरच्या मागे हेराल्डचीच व्यवस्था आहे. आडवा एकच पाटा, आणि दोन अर्धे एक्सल आपापले वर-खाली होणारे. साध्या रस्त्यावर हे मऊ वाटतं. वळणात वेगाने शिरून माणूस घाबरला, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तर मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक पोटाखाली आत घुसतं आणि शेपूट सुटतं. हेराल्डमध्ये मागे घरची माणसं बसलेली असायची, वजनाने ते चाक दबून राहायचं. स्पिटफायरमध्ये मागे कोणी बसतच नाही. १९७० च्या मार्क-४ पासून पाटा बसवायची पद्धत बदलली आणि हा धोका जवळजवळ गेला. त्याआधीची गाडी ज्याला घ्यायची आहे त्याने वळणात पाय स्थिर ठेवायची सवय आधी करावी, हौस नंतर.

शर्यतींचं दोघींनीही केलं. १९६३ च्या ल मां चोवीस तासांत एमजीबी बारावी आली, १९६४ च्या मोंटे कार्लो रॅलीत तिने आपल्या गटात बाजी मारली. १९६५ च्या ल मांत स्पिटफायर तेरावी आणि आपल्या गटात पहिली. त्या गाड्या कारखान्याने खास तयार केलेल्या होत्या, त्यावरून दुकानातल्या गाडीची किंमत कोणी ठरवू नये.

वर्षांची निवड हा संग्राहकाचा आवडता वाद. पहिल्या एमजीबीच्या क्रँकला तीन बेअरिंग, १९६४ च्या ऑक्टोबरपासून पाच. पाच बेअरिंगचं इंजिन मऊ आणि टिकाऊ. १९६७ च्या अखेरीस मार्क-२ आली तेव्हा पहिल्या गिअरलाही सिंक्रो मिळाला, डायनमो जाऊन अल्टरनेटर आला. १९७४ नंतर अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर बसवले आणि गाडी एक-दीड इंच उंच केली. त्याने तिची वळणावरची पकड बिघडली. त्या गाड्या स्वस्त मिळतात, आणि आपल्या गतिरोधकांवरून त्यांचा सायलेन्सर घासत नाही हा त्यांचा गुण इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. तरीही चालवण्यासाठी मी १९६८ ते १९७४ मधली क्रोम बंपरचीच एमजीबी सुचवीन, ओव्हरड्राइव्ह असेल तर दोन पैसे जास्त देऊन. स्पिटफायरमध्ये १२९६ सीसीची मार्क-३ सर्वांत गोड फिरणारी, मार्क-४ सर्वांत सुरक्षित. शेवटची १५०० ताकदीला चांगली, पण तिच्या लांब स्ट्रोकच्या क्रँकला तीनच बेअरिंग आहेत आणि जोरात पिटाळली की खालून ठोके ऐकू येतात.

१९६८ मध्ये दोन्ही कंपन्या ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली आल्या. कालपर्यंतच्या प्रतिस्पर्धी आता एकाच तिजोरीतून पैसा मागू लागल्या. तो पैसा दोघींच्याही वाट्याला फारसा आला नाही, ट्रायम्फच्या नव्या टीआर-७ ला गेला. १९८० च्या ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर बाहेर पडली, ऑक्टोबरमध्ये शेवटची एमजीबी, आणि तिच्याबरोबर ॲबिंग्डनचा कारखानाही बंद झाला. मला या इतिहासात सर्वांत वाईट याचंच वाटतं. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनवणारी ती माणसं मुख्यतः स्पोर्ट्स कारच बनवत होती आणि त्यांचं काम चांगलं होतं.

पण एमजीबीला पुढे एक भाग्य लाभलं जे फार थोड्या गाड्यांना लाभतं. तिचे मूळ साचे शोधून गोळा केले गेले आणि १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने तिची संपूर्ण बॉडी पुन्हा नव्याने दाबायला सुरुवात केली. जिचा जीव पत्र्यात, तिला पत्राच नवा मिळू लागला. जुनी गाडी सडली तरी तिचं इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल नव्या बॉडीत घालता येतात. सुटे भाग दोघींचेही मुबलक मिळतात, ते मागवण्याच्या जकातीचा हिशेब मात्र आधी करावा.

नावांबद्दल एक खुलासा. चाकणला बजाजच्या कारखान्यात जी ट्रायम्फ मोटरसायकल बनते तिचा या गाडीशी आज संबंध नाही. ट्रायम्फच्या गाड्या आणि मोटरसायकली १९३६ मध्येच वेगळ्या झाल्या. गाडीच्या नावाचे हक्क आता बीएमडब्ल्यूकडे आहेत. एमजीचं नाव चिनी सैक कंपनीकडे आहे, आणि तिच्या भारतातल्या धंद्यात मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाची भागीदारी आहे.

आपल्याकडे अशी गाडी बाळगायची तर कायदा आणि पेट्रोल या दोन गोष्टी समजून घ्याव्यात. २०२१ च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे समृद्धी महामार्गावर दर रविवारी एमजीबी पळवायचं स्वप्न ज्याला आहे, त्याने कोणत्या नोंदणीत राहायचं याचा विचार खरेदीआधी करावा. पेट्रोलचं म्हणाल तर देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. या दोघींची हेडं शिशाच्या आधाराने जगणारी आहेत, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्याव्या लागतात. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं, ठिसूळ करतं. इंजिनाशेजारी गळणारी नळी म्हणजे आग. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल सोसणारी टाकून घ्यावी.

हवामानाच्या बाबतीत मराठवाड्याचा माणूस नशीबवान आहे. मुंबई-कोकणची खारी हवा दोनचार पावसाळ्यांत जे करते ते आमच्या कोरड्या हवेला जमत नाही. एमजीबीसारखी पत्र्यात जीव असलेली गाडी हिंगोलीत मुंबईपेक्षा जास्त जगेल. आमचा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात रेडिएटर आतून साफ असला पाहिजे, आणि दुपारी गाडी बाहेर काढू नये.

तेव्हा कोणती घ्यावी? लांब जायचं असेल, बायकोला शेजारी बसवून वेरूळपर्यंत जाऊन यायचं असेल, तर एमजीबी. तिच्यासाठी पैसा जास्त लागेल आणि पत्र्याची परीक्षा कठोरपणे घ्यावी लागेल, पण एकदा शाबूत गाडी मिळाली की ती वर्षानुवर्षं त्रास देत नाही, आणि अँबेसिडरचं हेड उतरवलेला मिस्तरी तालुक्याला अजून सापडतो. स्वतःच्या हाताने काम करायचं असेल, रविवारची सकाळ बॉनेट उलटून, हात काळे करून घालवायची असेल, तर स्पिटफायर. खिसा हलका असेल तरीही स्पिटफायरच. मी स्वतः एमजीबीच्या बाजूचा आहे आणि पुढच्या प्रकरणांत ते लपवलेलं नाही. स्पिटफायरच्या बाजूने जे जे म्हणता येतं ते मात्र पूर्ण मांडलं आहे, आणि ट्रनियनचं प्रकरण मुद्दाम पहिलं ठेवलं आहे.